चिलेक्वाचा रविवार

सरोवरात बुडालेला चिलेक्वा दर रविवारी केंद्रात येतो आणि सगळा डेटा खाऊन जातो, ही गोष्ट आमच्या बेटावर आता कोणी दबक्या आवाजात सांगत नाही. बाजारात सुकी मासळी मापता मापता बायका सहज बोलून जातात.

"या सोमवारी पण काही उरलं नाही म्हणे."

"उरेल कसं? उपाशीच गेलाय बिचारा."

आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतात.

केंद्र म्हणजे चर्चच्या मागची पत्र्याच्या छपराची लांबट खोली. शिक्षकांसाठी बांधलेली. तिच्यात बारा जुने कॉम्प्युटर आहेत, कुठल्या तरी थंड देशातल्या ऑफिसानं टाकून दिलेले. ते जिवंत ठेवले चिलेक्वानं. लिनक्स त्यानंच बसवलं, कारण ते फुकट मिळतं. आणि फुकटात आलेलं सांभाळायला किती पडतं, हेही सगळ्यात आधी त्यालाच कळलं. दर थोड्या दिवसांनी लिनक्सला नवे तुकडे लागतात, जुने बदलावे लागतात. ते येणार बेटावरच्या एकुलत्या एक टॉवरवरून, मुंगीच्या पावलांनी. डेटाचा भाव असा, की बाराही मशिनं अपडेट करायची म्हटलं तर केंद्रातल्या चहातली साखर महिनाभर बंद करावी लागेल.

चिलेक्वानं त्यावर तोड काढली. कोपऱ्यातल्या एका मशिनानं सगळं एकदाच उतरवून घ्यायचं आणि बाकीच्या अकरांनी त्याच्याकडून उसनं न्यायचं. वेळ निवडली रविवार सकाळची, प्रार्थनेची. सगळं बेट चर्चमध्ये, सगळ्यांचे फोन बंद, टॉवर मोकळा. घंटा झाली की लोक गुडघे टेकायचे आणि चिलेक्वा खुर्ची ओढून कोपऱ्यात बसायचा. "चिलेक्वा, तुला स्वर्गात जागा मिळाली तर टॉवरच्या वरच मिळेल," असं पाद्रीबाबा त्याला भर रस्त्यात सुनावत. तो म्हणे, "चालेल फादर, तिथं सिग्नल चांगला असतो."

एक नियम मात्र त्यानं मशिनाला कडक घालून दिला होता. एकदा अर्धंच अपडेट आलं आणि तेवढंच बसवलं, त्यात तीन मशिनं कामातून गेली. तेव्हापासून सगळं आलं तरच घ्यायचं. मधे तार तुटली तर जेवढं आलं असेल तेवढं टाकून द्यायचं आणि पुढच्या रविवारी पहिल्यापासून सुरू करायचं. सगळं नीट बसलं की मशिनानं आपणहून बंद व्हायचं, म्हणजे छपरावरच्या सोलरच्या बॅटरीला तेवढीच विश्रांती.

हे सगळं म्वेन्याला ठाऊक होतं. म्वेन्या त्याची बायको. केंद्राची झाडलोट तिच्याकडे, किल्ली तिच्या कमरेला. रविवारी उकडलेली रताळी घेऊन ती त्याच्याजवळ स्टुलावर बसायची. पडद्यावर ओळी सरकत, आकडा चढत जाई, तो बोटं मोडत काही तरी गुणगुणत असे. आकडा भरला, मशीन बंद झालं, की तो उठायचा, पाठ ताणायचा आणि म्हणायचा, "चल, बाना चोला. भूक लागली." चोला त्यांची मुलगी, बाहेरगावी असते; आमच्याकडे लेकराच्या नावानं आईबापाला हाक मारतात. तो तिला बाना चोला म्हणे, ती त्याला बाशी चोला. इतकाच त्यांचा संसार होता असं नाही, पण त्यातलं तिला आवडायचं ते बरंचसं याच खोलीत होतं.

मग एकदा दर रविवारच्यापेक्षा वेगळं, टॉवरला झेपणार नाही एवढं मोठं अपडेट आलं. चिलेक्वा डिस्क घेऊन होडीनं सरोवरापलीकडच्या समफ्याला गेला, तिथं ती भरून घेतली आणि परत निघाला. वाऱ्याचा महिना होता. होडी उलटली. दोघं जण पोहत किनाऱ्याला लागले. चिलेक्वा लागला नाही, आजपर्यंत नाही. लोकांनी शोधला, जाळी टाकली, आणि शेवटी देहाविनाच दुखवटा धरला.

दुखवट्यानंतरच्या पहिल्या रविवारी म्वेन्या केंद्रात गेली ती केर काढायला नव्हे, बायकांच्या सांत्वनापासून पळून. चर्चची घंटा झाली. कोपऱ्यातलं मशीन घुरघुरलं. पडदा उजळला आणि ओळी सरकू लागल्या.

निमित्ताला घेतलेली केरसुणी तिच्या हातातून पडली. खुर्ची रिकामी होती, पण काम तर चालू होतं. त्याच्या वेळेला, त्याच्या पद्धतीनं, तो मधे थांबायचा तिथं थांबत. भीती ओसरायला थोडा वेळ गेला. मग तिला उमगलं. त्यानं मशिनाला वेळ लावून ठेवली होती, घड्याळाला गजर लावतात तशी. त्यात भुताखेताचं काही नव्हतं. हे तिला पुरतं कळलं, आणि त्या कळण्याचा तिला कवडीचा उपयोग झाला नाही. ती स्टुलावर जाऊन बसली.

आकडा चढत गेला. शेवटाजवळ आला. आता भरेल. मग मशीन बंद होईल. मग तो उठायचा. आज कोण उठणार?

तिनं हात लांब केला आणि मोडेम उपटून काढला.

मशिनानं नियमाप्रमाणे सगळं टाकून दिलं आणि नुसतं घुरघुरत राहिलं. म्वेन्यानं त्याच्यावरची धूळ पदरानं पुसली. हलक्या आवाजात म्हणाली, "राहू दे. पुढच्या रविवारी ये."

तो आला. दर रविवारी आला. आणि दर रविवारी शेवटाला आला की तिनं त्याला परत पाठवलं. त्या दिवसापासून कोपऱ्यातलं मशीन एकदाही बंद झालं नाही. आठवडाभर ते धुगधुगत असायचं, आणि शिक्षक तिकडे पाठ करून बसायचे.

सोमवारी बोंब व्हायची. केंद्राचे मुख्य बा मुबांगा (मोठ्यांच्या नावाआधी आम्ही मानानं 'बा' लावतो) शनिवारी डेटा भरून जात, सोमवारी बघत तर खडखडाट. आधी त्यांनी शिक्षकांवर संशय घेतला, मग पाद्रीबाबांच्या स्वयंपाक्यावर. कुलूप बदललं. नव्या कुलपाची किल्ली अर्थातच म्वेन्याकडे दिली, कारण विधवेवर कोण संशय घेणार? शेवटी चिलेक्वाची थोरली बहीण बा काम्पाम्बा हिनं निकाल दिला. "चोर कसला शोधता? माझा भाऊ आहे तो. नाव कोणी घेतलं नाही तोवर तो असाच उपाशी हिंडणार."

आमच्याकडे गेलेल्याचं नाव वाऱ्यावर सोडत नाहीत. रक्तातला कोणी तरी ते घेतो. गेलेल्याचा कमरपट्टा बांधतो, भोपळ्यातलं पाणी पितो, आणि त्या क्षणापासून तोच तो होतो. चिलेक्वाचं नाव त्याच्या भाच्यानं घ्यायचं ठरलं. कबासो त्याचं नाव. धाकट्या, वारलेल्या बहिणीचा मुलगा. कासामा शहरात जाऊन कॉम्प्युटर शिकून आलेला, गरीब स्वभावाचा, हसताना खाली बघणारा. पट्टा बांधला, पाणी प्याला. म्हाताऱ्या बायका त्याला "दादा" म्हणू लागल्या. त्याच दिवशी बा काम्पाम्बानं म्वेन्याच्या मनगटात पांढरा मणी बांधला. म्हणजे नवरा तुला सोडून गेला, आता तू मोकळी. म्वेन्यानं मान हलवली. तो सोडून गेलेलाच नाही, हे तिला एकटीला माहीत होतं.

कबासो केंद्रात कामाला लागला. पहिल्या शनिवारी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसला. सोमवारी डेटा गायब! बा काम्पाम्बानं भुवया उंचावल्या. पोरानं पुन्हा कधी त्या खुर्चीला हात लावला नाही. मशीन उघडून बघितलं असतं तर घडीभरात सगळं कळलं असतं त्याला, शिकलेला होता. पण ज्यानं नाव घेतलंय त्यालाच मालक उठ म्हणतोय, असं एकदा मनानं घेतल्यावर शिक्षण कसलं आठवतंय!

मग कुजबूज सुरू झाली. चिलेक्वानं याला पत्करलं नाही. पाणी पोटात गेलं, पण नाव अंगी लागलं नाही. पट्टा काढून दुसऱ्याला द्यावा. आमच्यात नाव परत घेतलेल्या माणसाकडे लोक कसे बघतात ते सांगण्यासारखं नाही. कासामाच्या ज्या मुलीशी त्याचं ठरत आलं होतं, तिच्या मामांनी निरोप पाठवला की जरा थांबू या. कबासो वाळत चालला. म्वेन्या हे रोज बघत होती. रोज ठरवत होती की या रविवारी शेवट होऊ द्यायचा. आणि रविवारी तिचा हात आपोआप मोडेमकडे जात होता. तिला स्वतःचा राग येत नव्हता असं नाही. राग येत होता आणि हातही जात होता.

वर्ष सरलं. वारा पुन्हा सुटला. त्यातच परीक्षेला बसणाऱ्या मुलांची नावं पाठवायचं इंटरनेटवरचं पान वरून बदललं, आणि आमची जुनाट मशिनं ते उघडेनात. अपडेट हवं म्हणे. बा मुबांगांनी कपाळाला हात लावला.

शुक्रवारी संध्याकाळी कबासो म्वेन्याच्या दारात येऊन उभा राहिला. ती अंगणात कसाव्याच्या कंदाचं पीठ चाळत होती.

"मायो," तो म्हणाला. सगळ्या बेटानं त्याला चिलेक्वा म्हटलं तरी तो मामीला आईच म्हणायचा. "मामा डिस्क कशी गुंडाळायचे?"

तिचे हात थांबले. "कशाला हवंय तुला?"

"समफ्याला जातोय. सगळं अपडेट डिस्कवर भरून आणतो. रविवारी प्रार्थना सुटली की होडी सुटतेय."

"या वाऱ्यात? डोकं फिरलंय का तुझं?"

"वारा पडेपर्यंत मुलांची मुदत जाईल."

"मुबांगाला पाठव. पोट केवढं आहे त्याचं, बुडणार नाही."

कबासो खाली बघून हसला, मग हसणं गेलं. "काम्पाम्बा मावशी म्हणाली, जाऊ दे त्याला. हा खरा चिलेक्वा असेल तर सरोवर वाट देईल."

"आणि नसशील तर?"

"तर तेही कळेल, मायो. असं रोज थोडं थोडं कळण्यापेक्षा बरं." तो उंबऱ्यावर टेकला. "मला मामांचं काही नको होतं. खुर्ची नको, मशिनं नकोत. एकदा फक्त त्यांनी 'बस' म्हणावं. एकदाच."

म्वेन्याच्या जिभेवर आलं होतं. मीच ती. तुझा मामा काही खात नाही रे, तार मी ओढते. पण ते बोलणं म्हणजे चिलेक्वा मशिनात नाही हे बोलणं होतं, आणि तेवढं तिच्यानं होईना.

"आधी प्लॅस्टिकमध्ये," ती शेवटी म्हणाली. "मग पिठाच्या गोणीत. तोंड दोनदा बांधायचा तो."

"बरं, मायो."

तो गेल्यावर पीठ तसंच राहिलं. शनिवारी तिनं पावसाळ्यासाठी राखलेली सुकी मासळी बाजारात येईल त्या भावाला काढली आणि सगळ्याचा डेटा घेतला. वर्षाचं अपडेट साठलेलं. केंद्राच्या डेटात ते आता जेमतेम मावत होतं, आणि या वेळी ते पुरं उतरलं तरच पोराची होडी टळणार होती. दुकानदारानं विचारलं, "एवढा? कोणाला खाऊ घालणार?" ती म्हणाली, "आहे एक पाहुणा."

रविवारी तिनं केंद्राचं दार उघडलं, मोडेम खोचला आणि स्टुलावर बसली. रताळी आणली नव्हती. घंटा झाली. मशीन घुरघुरलं.

चर्चमधून ढोल ऐकू येत होते. त्या दिवशी नव्या पिकाचा नैवेद्य होता. बायका टोपल्या डोक्यावर घेऊन नाचत वेदीपर्यंत जातात, त्यामुळे प्रार्थना लांबते. तेवढं एक देवानं तिच्या बाजूनं केलं. ओळी सरकत होत्या. म्वेन्या पडद्याकडे बघत नव्हती, खुर्चीकडे बघत होती. खुर्ची जराशी तिरकी होती, तो बसायचा तशी. वर्षभर तिनं तिच्याभोवतीचा केर काढला होता, पण ती कधी सरळ केली नव्हती. आता तिला वाटलं, बोटं मोडल्याचा आवाज आला. एक, मग दुसरं. छपराचा पत्रा उन्हानं तापत होता, इतकंच असेल. तिनं तसं स्वतःला सांगितलं आणि मान वळवली नाही.

निम्मं झालं. निम्म्याच्या पुढं गेलं. एकदा तिचा हात उठला. तिनं तो मांडीखाली दाबून धरला.

"बाशी चोला," ती म्हणाली, "पोर निघालाय रे तिकडे. तुझ्यासारखाच, गोणी बांधून."

मशीन आपलं काम करत होतं.

ढोल थांबले, शेवटचं गाणं झालं आणि चर्चची दारं उघडली. अंगणात गलका झाला. लोकांनी खिशातून फोन काढले असणार, कारण पडद्यावरची ओळ जागच्या जागी थिजली. अगदी थोडं उरलं होतं. म्वेन्याला एकदम हलकं वाटलं. आता तिला काही करायचंच नव्हतं. टॉवरनंच तार तोडली तर दोष टॉवरचा. मशीन सगळं टाकून देईल, पुढच्या रविवारी पुन्हा घंटा होईल, पुन्हा तो येईल. जन्मभर येईल.

खिडकीतून किनाऱ्याची वाट दिसत होती. तिच्यावरून कबासो चालला होता. खांद्यावर पिठाची गोणी, बाजूला बा काम्पाम्बा, मागे चार-दोन माणसं, कोणाला पोचवायला निघाल्यासारखी गप्प. पलीकडे पाणी पांढरं होऊन उसळत होतं. होडीवाला एक पाय पाण्यात टाकून उभा होता.

म्वेन्या खिडकीशी धावली. "कबासो!" तिनं हाक मारली, पण वारा समोरून येत होता. तिथूनच ती मागे फिरली आणि मशिनासमोर दोन्ही हात टेकून ओरडली, "आटप! तुला काय वाटतं, मला जड जात नाही? आटप लवकर. तो पोर पाण्यात उतरतोय. आटप आणि जा!"

नवऱ्याला तिनं जा म्हणून कधी म्हटलं नव्हतं. भांडणातसुद्धा नाही.

ओळ हलली. थांबली. पुन्हा हलली. आकडा भरला. मग पडद्यावर भराभर नावं पळू लागली. आलेले तुकडे मशीन आपापल्या जागी बसवत होतं. तिनं मोडेमवर हात ठेवला होता, पण उपटला नाही. नावं संपली. एक क्षण पडदा तसाच राहिला. मग काळा झाला. पंखा मंदावला, आणखी मंदावला आणि थांबला.

खोलीत एवढी शांतता वर्षभरात झाली नव्हती. म्वेन्यानं खुर्चीकडे बघितलं. कोणी उठलं नाही. कोणी पाठ ताणली नाही. भूक लागली म्हणालं नाही. तिनं वाट पाहिली, खरोखरच पाहिली, आणि मग तिच्या तोंडून तो आवाज निघाला.

आमच्याकडची बाई घरात माणूस जाताच जो टाहो फोडते, तो कोणाला समजावून सांगावा लागत नाही. तो वाऱ्याला कापत जातो. चर्चच्या अंगणातला गलका तुटला. बायका टोपल्या टाकून धावल्या, मागोमाग बा मुबांगाही. किनाऱ्याच्या वाटेवरून बा काम्पाम्बा वळली, आणि म्हातारी असून सगळ्यांच्या आधी दारात पोचली. तिच्यामागे कबासो.

म्वेन्या जमिनीवर बसून खुर्चीच्या पायाला मिठी मारून रडत होती.

"कोण?" बा काम्पाम्बा धापा टाकत म्हणाली. "बाना चोला, कोण गेलं? पोरीचा काही निरोप आला का?"

"तुमचा भाऊ गेला," म्वेन्या म्हणाली. "चिलेक्वा गेला."

दारातल्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं.

"मीच तार ओढत होते, बा काम्पाम्बा. दर रविवारी. तो काही खात नव्हता. मशिनाला वेळ लावून ठेवली होती त्यानं, आणि मी ते पुरं होऊ देत नव्हते. या पोराचा काही दोष नाही. तुमच्या भावानं त्याला कधीच उठ म्हटलं नाही. मी म्हटलं."

बा काम्पाम्बाचा हात वर गेला. सगळ्यांना वाटलं, आता बसते मुस्काटात. बा मुबांगा तर डोळे मिटूनच उभे राहिले. म्हातारीचा हात तसाच वर राहिला आणि हळूहळू खाली येऊन म्वेन्याच्या डोक्यावर टेकला.

"आधी रडून घे," ती म्हणाली. "शिव्या उद्या घालीन."

आणि ती खाली बसली. आपल्या सरोवरात राहिलेल्या भावाच्या नावानं तिनं जो सूर लावला, तो दुखवट्याच्या दिवसांतसुद्धा लावला नव्हता. एकेक करून बायका आत आल्या, भिंतीला टेकल्या, रडण्यात मिळाल्या. कबासो मधेच उभा होता. काय करावं ते त्याला सुचेना. म्वेन्यानं त्याचा हात धरून खाली ओढला.

"बस," ती म्हणाली.

तो बसला, गोणी मांडीवर घेऊन, आणि लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला.

खाली किनाऱ्यावर होडीवाला अजून पाण्यात पाय टाकून उभा होता. टाहो त्यालाही ऐकू गेला होता. बेटावर कोणी गेलं की त्या दिवशी आम्ही होडी सोडत नाही. कोण गेलं हे विचारायला तो वर आला नाही. त्यानं टोपी काढली, आणि सोडलेला दोर पुन्हा खुंटाला बांधून टाकला.